क्रेनवरची गुणगुण

पिंप जमिनीवरून उचललं गेलं आणि आईचा जीव टांगणीला लागला. काठोकाठ पाण्याने भरलेलं ते पिंप क्रेनला लोंबकळत होतं, आणि वर, पंधरा मजले उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये तिची लेक बसली होती. दोन्ही बाजूंना खांब उभे केलेली नागमोडी वाट. तिच्यातून पिंप न्यायचं आणि पलीकडच्या चुन्याच्या वर्तुळात अलगद टेकवायचं. एक जरी खांब पडला की नापास. क्रेनचालकाच्या परीक्षेची लेकीची ही तिसरी खेप होती, आणि चौथी कुणालाच मिळत नसे.

पहिलं वळण गेलं. दुसरंही गेलं! पाण्याचा थेंबसुद्धा सांडला नव्हता. आईला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

आणि तेवढ्यात परीक्षकांच्या टेबलावरच्या इंटरकॉममधून ती गुणगुण आली.

तीन सूर. वर, खाली, पुन्हा वर. केबिनमधला माइक परीक्षेभर चालू असतो, हे लेक विसरली असावी, किंवा तिला त्याचं काही वाटत नसावं. आईची कानशिलं तापली. आता ती डोलतही असणार, हे तिला न बघताच कळत होतं. लेक स्वमग्न आहे, गुणगुणणं आणि डोलणं ही तिच्या शरीराची स्वतःला थाऱ्यावर आणायची रीत आहे, असं डॉक्टरीणबाईंनी परोपरीने सांगितलं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं होतं आणि घरी येऊन आपलंच खरं केलं होतं. बसमध्ये, लग्नात, पाहुण्यांसमोर, गेली वीस वर्षं ती लेकीच्या दंडाला हळूच चिमटा काढत आली होती.

बाजूला उभे असलेले बाकीचे उमेदवार फिदीफिदी हसले. परीक्षकांनी भुवया उंचावल्या.

"हे काय?"

झालं! आईने बघणाऱ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीवरून वाकून इंटरकॉमचा रिसीव्हर ओढला. "अगं, गप्प! सगळ्यांना ऐकू येतंय!"

गुणगुण तुटली. वर लेक ताठ झाली असणार, कारण पुढचा हिसका तारेतून थेट पिंपात उतरला. पाणी भसकन सांडलं. पिंप डावीकडे झुललं, उजवीकडे झुललं, तिसऱ्या वळणावरच्या खांबाला चाटून गेलं. खांब डुगडुगला.

"बाई, काय केलंत हे!" परीक्षक ओरडले. "किती सुरेख चाललं होतं! मी नुसतं विचारलं हो. इतका हलका हात मी दहा वर्षांत बघितला नाही. आता करा काहीतरी!"

आईने रिसीव्हर पुन्हा तोंडाशी नेला. तिला आठवली फक्त ती गुणगुण. ती तिला तोंडपाठ होती. वीस वर्षं तिने तीच तर बंद पाडली होती. तिने डोळे मिटले, लाज गुंडाळून ठेवली आणि इतक्या परक्या माणसांदेखत रिसीव्हरमध्ये गुणगुणायला लागली. वर, खाली, पुन्हा वर.

दोन फेऱ्या एकटीच. तिसऱ्या फेरीला वरून दुसरा आवाज येऊन मिळाला.

पिंपाचा झोका लहान झाला. आणखी लहान झाला. मग ते थांबलं, आणि सरळ निघालं! तिसरं वळण, चौथं, शेवटचे दोन खांब. मघाशी हसणारेच आता टाचा उंचावून "हळू, हळू!" म्हणत होते. कोंबडी अंड्यांवर बसावी तसं पिंप चुन्याच्या वर्तुळात बसलं, आणि एकच गलका झाला.

परीक्षकांनी कागदावर शिक्का मारला. आईने डोळे उघडलेच नव्हते. रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरून ती जागच्या जागी डोलत होती आणि गुणगुणत होती.

"अहो बाई," परीक्षक तिच्याकडे वाकून म्हणाले, "पास झाली ती. आता बंद केलंत तरी चालेल."

"राहू द्या, साहेब," इंटरकॉममधून लेकीचा आवाज आला. "तिला बरं वाटतंय."