धुऱ्यावरचा भोंगा

कारगिलहून परतलेले वामनराव फौजी गावात रमलेच नाहीत. हिवरखेडच्या शिवारात, वावरातल्या खोलीत एकटेच राहिले आणि कोणाशी बोलेनासे झाले. मग लोकही तिकडे फिरकेनात.

यंदा शेजारच्या अब्दुल गफ्फारने हरभऱ्यातून रोही, म्हणजे नीलगायी, आणि माकडं हाकलायला दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर, बांधावर, बॅटरीचा भोंगा लावला. त्यात स्वतःचाच आवाज भरून ठेवला होता, "ए, कोन हाय रे तिकडे?" दिवसभर, दर पाच मिनिटांनी तेच.

हरभरा निघाला तसा गफ्फार भोंगा काढायला आला. त्याला पाहून फौजी ताडताड धुऱ्यावर आले. आता शिव्या बसणार म्हणून गफ्फारने आधीच कान पकडले.

"माफ करजा फौजीभाऊ, लय तरास झाला तुमाले. काढूनच नेतो आता."

"नोको काढू."

"कावून? वावरात आता राखाले काईच नाई."

फौजींनी भोंग्याचा बांबू घट्ट धरला.

 

"राहू दे ना, गफ्फारभाऊ. इतक्या वर्सांत, तिकडे कोन हाय मनून इचारलं तं यानंच इचारलं."