जमिलाचं वय

झेबा उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात वेबसाइटवरची जुन्या बातम्यांची पानं एका सॉफ्टवेअरला द्यायची. ते प्रत्येक पानातून तारीख, गाव, नाव, वय वेगळं काढून द्यायचं.

त्या दुपारी दुष्काळातली एक बातमी आली. चितेगावला पाणी शेंदताना विहिरीत पडून जमिला, वय नऊ, मरण पावली होती. जमिला म्हणजे झेबाची धाकटी बहीण.

पानावर वय नऊच होतं. सॉफ्टवेअरनं अठरा लिहिलं.

झेबानं पान पुन्हा दिलं. पुन्हा अठराच आलं. जमिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

झेबाला रडू आवरेना. तिनं घरी फोन लावला. दुपारी अम्मी एकटीच असायची.

"अम्मी, घरात कोण आहे?"

"कोन असनार? लवकर ये बेटा," अम्मी म्हणाली, "आमी दोघी जेवायच्या थांबलोय."