सव्वा महिन्याच्या आत
तेव्हा मी जेमतेम महिन्याची होते, त्यामुळे मला हे आठवणं शक्य नाही; तरी डोळे मिटले की सोनपेठचा बाजार दिसतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या त्या वर्षांत गावोगाव भीती होती, कुठलीही अफवा चटकन खरी वाटायची. हवेत कापसाचे पुंजके तरंगतायत, तराजू थांबलेत आणि पोलीस चौकीसमोर लोकांनी सुगंधाबाईला घेरलंय. मुलगा झालेल्या घरी नाचून बाळाला आशीर्वाद देणारी तृतीयपंथी ती. "ही लेकरं पळवायली!" कुणीतरी ओरडलं. ओढाताणीत तिची ढोलकी फुटली. हाताहातांत दगड आले. माझे अप्पा तिथले जमादार. शिपायाला तिच्यापुढं उभं करून ते मागच्या क्वार्टरमध्ये गेले आणि त्यांनी मला उचललं. "अवो, सव्वा महिना भरला न्हाई अजून, उंबऱ्याभाईर कसं नेता?" आई दारापर्यंत धावली. कुंची घातलेली मी खाकी बाह्यांवरून, गर्दीतून, तरंगत गेले. अप्पांनी मला सुगंधाबाईच्या ओटीत घातलं. "पोरगी झाली म्हनून तुमी आलाच न्हाई," ते म्हणाले. "मी वाट बगायलो व्हतो." तिनं माझी कुंची सारखी केली. "पोरीसाठी आमाला कुनी बोलवत न्हाई, जमादारसाब," एवढं बोलून ती पाळणा म्हणू लागली. ढोलकी तर फुटली होती. एकेका मुठीतून सुटून मातीवर पडणाऱ्या दगडांनी ठेका धरला.