रबरी हाताला दुखत नाही
सलाईन लावायला आलेली विद्यार्थिनी ट्रेमधली सुई पुन्हा पुन्हा तपासत होती. खाटेवर होत्या तिच्याच नर्सिंग कॉलेजच्या निवृत्त बाई. “आधी कुणाला लावलंयस?” “फक्त रबरी हाताला, मॅडम.” बाईंच्या काळी असले हात नव्हते, मुली थेट वॉर्डात शिकायच्या. त्यांनी बाही वर सारली. “लाव.” सुई चुकली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. “सिस्टरना बोलावते. मला नाही जमणार. कॉलेजच सोडते.” “थांब. औषधांनी माझ्या शिरा रुसल्यात, तुझा काय दोष? बोटाने चाचप, मग लाव.” दुसऱ्यांदा सुई शिरेत गेली. पट्टी चिकटवल्यावरही मुलीने हात सोडला नाही. “फार दुखलं का हो?” भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही स्वतःच नर्स! दुखतंय का, हे कुणी विचारलंच नव्हतं. “हो गं, फार दुखतं,” बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने रडल्या.