लाल जिल्हा

“एकाच वेळी दोन ठिकाणांहून वर्दी आली, तर जिथे धोका जास्त तिथे आधी जायचं. जिथे कमी, तिथे मागाहून. चहा प्यायला.”

बंबवाल्यांचं हे सांगणं घरात सगळ्यांना पाठ होतं. उभा जन्म त्यांनी आगीच्या बंबावर काढला होता. ते गेले, त्याला आता वर्ष होत आलं. ज्या टेबलाशी बसून ते हे सांगायचे, तिथेच आज त्यांचे दोन मुलगे राज्याचा नकाशा उघडून बसले होते. इमारत पाडायची होती. महिनाअखेर घर सोडायचं होतं, आणि आईने कुणाकडे राहायला जायचं ते आज ठरायचं होतं.

थोरल्याने लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. सरकारी खात्याने प्रत्येक जिल्ह्याला नैसर्गिक संकटांचा धोका किती, ते मोजून रंग भरले होते.

“हा लाल कुणाचा?” आईने चष्मा पुसून विचारलं.

“माझा. पूर, दरडी, वर भूकंपाचा पट्टा. तुझ्या काळजीपोटी सांगतोय, आई.”

“माझाही काही कमी नाही,” धाकटा घाईने म्हणाला. “नारिंगी आहे. वीज पडून माणसं जातात आमच्याकडे.”

“नारिंगी कुठला? पिवळा आहे तो.”

“उजेड वाढव जरा स्क्रीनचा, दादा. मग दिसेल.”

थोरली सून स्वयंपाकघरातून कपबशा विसळता विसळता म्हणाली, “दरडीचं नीट सांगा की. अख्खा रस्ता बंद होता मागे.”

“वहिनी, दरड घाटात पडते. तुम्ही बाजारात राहता.”

“आणि वीज माळावर पडते, भाऊजी. तुम्ही फ्लॅटमध्ये राहता.”

आईचं लक्ष या बोलण्याकडे नव्हतं. तिला नकाशाच आवडला होता. तिने नदीच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. बोट लाल जिल्ह्यातून पिवळ्यात शिरलं आणि थबकलं.

“नदी तर एकच दिसते. मग अलीकडे लाल आणि पलीकडे पिवळं कसं? हद्द आली की पूर थांबतो?”

धाकट्याला हसू आलं. “नुसतं पाऊसपाणी नाही मोजत, आई. दवाखाना किती लांब, घरं कशी बांधलीत, म्हातारी माणसं किती, सगळं धरतात. म्हातारी जास्त तर धोका जास्त.”

“म्हणजे मी जाईन त्या जिल्ह्याचा रंग गडद होणार म्हण की.”

“एका माणसाने काही फरक पडत नाही गं,” थोरला म्हणाला. बोलून झाल्यावर तो उगाचच नकाशा लहानमोठा करत राहिला.

“बरं, आणि कमी कशाने होतो?”

धाकट्याने पान खाली सरकवलं. “चांगले रस्ते. वेळेवर मिळालेला इशारा. हाकेला धावून येणारं माणूस जवळ असणं.”

“तेही मोजतात?”

“असं लिहिलंय खरं.”

“कसं मोजत असतील?” ती स्वतःशीच म्हणाली.

थोरल्याने तोवर सगळ्या जिल्ह्यांची क्रमवारी शोधून काढली होती. “हे बघ. राज्यात सगळ्यात जास्त धोका आमच्या जिल्ह्याला. पहिला नंबर.” शाळेत कधी आला नव्हता, त्या नंबराचा आनंद त्याच्या तोंडावर पसरला होता.

धाकटा मागे रेलला. त्याचा जिल्हा कुठेतरी मध्यावर होता. “ठीक आहे,” तो म्हणाला. “माझ्याकडे, तर माझ्याकडे. हॉलमध्ये करू काहीतरी सोय.”

आई थोरल्याकडे बघत राहिली. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. ते दुखणं कसलं हे तिला तेव्हाही कळायचं, तरी ती त्याच्या उशाशी बसून राहायची. बंबवाल्यांनी तिला कधी टोकलं नाही. खोटी वर्दी वाटली तरी बंब काढायचाच, असं ते म्हणायचे. आणि शेवटच्या आजारात, “पोरांच्या बाबतीतही हाच नियम,” असं म्हणत त्यांनी तिचा हात हातात धरून ठेवला होता. ती “बरं” म्हणाल्यावरच सोडला.

ती उठली. फळीवरची त्यांची जुनी बॅटरी घेतली, एकदा लावून बघितली आणि पिशवीत टाकली. वर दोन जोडी कपडे ठेवले.

“अगं, आत्ताच काय भरायला घेतलंस?” थोरला म्हणाला. “अजून वेळ आहे. धाकटा येईल की न्यायला.”

“तू गाडी आणली आहेस ना?”

“हो, पण मी काय दाखवलं ते बघितलंस ना? आमचा जिल्हा राज्यात पहिला आहे.”

“बघितलं ना.”

स्वयंपाकघरातला पाण्याचा आवाज थांबला.

आईने चपला घातल्या. पिशवी थोरल्याच्या हातात दिली. दारात थांबून तिने धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“तुझ्याकडे मागाहून येईन हं,” ती म्हणाली. “चहा प्यायला.”