चार भोकं

तराजूवर टांगलेल्या उपग्रहाचं वजन सहाशे किलोंनी कमी भरलं, तरी कोणी दचकलं नाही. टाकी मुद्दामच रिकामी होती. वर कक्षेत आता इंधनाचं कोठार तरंगत होतं. इंधनाची एखादी खेप बुडाली तरी कोणाचं काळीज फाटत नाही, म्हणून ते साध्या, स्वस्त रॉकेटांनी चढवत. उपग्रहाने कोरड्या पोटी वर जायचं आणि तिथे टाकी भरून घ्यायची. वाचलेल्या सहाशे किलोंत वाटेल ते न्या.

"एका अंगाला झुकतोय," तंत्रज्ञ म्हणाला. "कात्रीसाहेबांच्या भोकांवर अकरा किलोंचा ठोकळा ठोकला की सरळ होईल."

वजनाची नोंदवही घेऊन शेजारी उभ्या असलेल्या तिने आकडा टिपून घेतला. कात्रीसाहेब म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते आणि वजनखात्यातली त्यांची खुर्ची आता तिच्याकडे आली होती. तीस वर्षं त्यांनी इथे ग्रॅम ग्रॅम छाटला. रंगाचा जास्तीचा थर, दोन वायसर, वीतभर वायर. त्यांच्या तावडीतून काही सुटलं नाही. घरीही तेच. तिच्या दप्तरातली न लागणारी वही काढून फळीवर ठेवत. शेवटी दवाखान्यात जातानाही त्यांनी चष्मा आणि एक सदरा एवढंच घेतलं.

चूक म्हणाल तर एकच. या जातीच्या उपग्रहाच्या चौकटीत चार भोकं होती. त्यांच्याभोवती जाड पत्रा लागे, आणि त्यांत बसवत तर काहीच नसत. बावीस वर्षांत ती आराखड्यातून काढायची राहूनच गेली. छाटणाऱ्याच्या नाकाखाली फुकटचं वजन, म्हणून लोक हसत.

"म्हणजे लोखंडाचा ठोकळा जाणार वर," मागून वादळांच्या बाई म्हणाल्या. समुद्रावरच्या वादळाचं पोट आतून पाहील असं यंत्र त्यांनी भर उमेदीत बनवलं होतं. "माझं यंत्र अकरा किलो चारशे होतं. याच तराजूवरून उतरवलं तुझ्या वडिलांनी. म्हणाले, बाई, इंधन हवं की यंत्र, ते सांगा."

"आता जागा आहे, बाई. नवं करू."

"दोन वर्षं लागतील. उड्डाण तीन महिन्यांवर आलंय आणि मी या महिनाअखेर घरी. जुनं केव्हाच भंगारात गेलं असेल. जड वस्तू सांभाळून ठेवणारा माणूस नव्हता तो, पोरी."

तिलाही तसंच वाटत आलं होतं.

ठोकळे वडिलांच्या लोखंडी कपाटात असत. किल्ली दोन महिने तिच्या पर्समध्ये होती. कपाट उघडायचा धीर झाला नव्हता. आज उघडलं. वरच्या खणात ठोकळे ओळीने मांडलेले होते. खालच्या खणात एक हवाबंद पेटी होती, बाजूला पुडीत चार नवे कोरे बोल्ट. पेटीवर पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं होतं.

"बाई," तिने हाक मारली, "जरा इकडे येता?"

बाईंनी झाकणाच्या काचेतून आत पाहिलं आणि काचेवर तळहात टेकवला.

कार्डावर बावीस तारखा होत्या, वर्षाला एक, आणि प्रत्येकीपुढे वडिलांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: तपासलं, चालू आहे. शेवटची तारीख दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशीची होती. सगळ्यांत वर, शाई उडालेल्या पहिल्या नोंदीत होतं:

"११ किलो ४०० ग्रॅम. टाकी वर भरता येईल त्या दिवशी लावणे. भोकं ठेवली आहेत."