न मुरलेलं लोणचं

आईच्या हातचं शेवटचं लिंबाचं लोणचं मंदाकिनीनं वीस वर्षांनी उघडलं. ज्या दिवशी आईनं घातलं, त्याच दिवशी मंदाकिनीनं ते काळ थांबवणाऱ्या डब्यात ठेवलं होतं. नंतर तीन घरं बदलली, पण डब्याचं चार्जिंग तिनं कधी संपू दिलं नाही.

धाकट्या जयवंतानं फोड चावली आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, कडूजहर आहे गं. मुरलंच नाहीये."

मीठसुद्धा विरघळलं नव्हतं. आत एक दिवसही गेला नव्हता, मग मुरणार कसं?

मंदाकिनीनं सगळं साध्या बरणीत काढलं, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला आणि बरणी उन्हात ठेवली.

"आता नासलं तर?"

"नासू दे," ती म्हणाली. "जपून जपून दमले रे मी."